अपडेट वारंवार फसत असेल, तर आधी सिस्टिम फाइल्स दुरुस्त करा

कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि विंडोजचे अपडेट चालू असतानाच संगणक बंद पडला, तर सिस्टिम फाइल्स बिघडून पुढची अपडेट्सही फसू शकतात. गेल्या आषाढात मालवणला मामांच्या संगणकावर हेच झाले. अपडेट शेवटाकडे जाई आणि ०एक्स८००७३७१२ हा क्रमांक येई. विंडोज ज्या साठ्यातून आपल्या फाइल्स घेते, तो साठाच बिघडल्याची ही खूण आहे.

अशा वेळी लगेच फॉरमॅट करण्याची घाई कृपया करू नका. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) शोधून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे आणि ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ ही तो साठा दुरुस्त करणारी आज्ञा इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून द्यावी. चांगल्या फाइल्स इंटरनेटवरून उतरवल्या जात असल्याने जोडणी हवी. मोबाइलचा हॉटस्पॉटही चालतो. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडल्यासारखी दिसते, मामांकडे तर चहा होऊन गेला तरी ती हलली नव्हती, पण खिडकी बंद करू नये.

त्यानंतरच ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ चालवावे, कारण ही आज्ञा बिघडलेल्या सिस्टिम फाइल्सच्या दुरुस्तीसाठी त्याच साठ्यातील फाइल्स वापरते. मग संगणक रीस्टार्ट करून अपडेट पुन्हा सुरू करावे. काही फाइल्स दुरुस्त झाल्या नाहीत असे दिसल्यास ‘सीएचकेडीएसके’ने डिस्क तपासावी. लॅपटॉप असल्यास चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा.