नुकतंच बांधलेलं इंजिन त्रास देतंय? या चुका टाळा

"परवाच इंजिन बांधलं आणि आता हेड वाजतंय," असं सांगत कुणी गाडी ढकलत आणली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चालवायच्या आधी हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोकाला जिथे व्हॉल्व असतात तिथे, ऑइल चढलेलं डोळ्यांनी पाहिलंत का? उत्तर बहुतेक वेळा नाहीच असतं.

मी बोलतोय ते स्प्लेंडरच्या 97.2 सीसीच्या आडव्या इंजिनाबद्दल. ही गाडी 1994 पासून रस्त्यावर आहे, पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात, म्हणून नवशिक्यांचा पहिला हात तिच्यावरच पडतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती गॅस्केटला (दोन भागांमधल्या गळती रोखणाऱ्या पातळ पट्टीला) थापलेल्या बॉण्डची, म्हणजे चिकट सीलंटची. दिवाळीच्या आधी एक पोरगा वडिलांची गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. "काका, ब्लॉक नवा, पिस्टन नवा, तरी बारा-पंधरा किलोमीटरमध्ये हेड वाजायला लागलं." मी विचारलं, बॉण्ड किती लावलास? "लिकेज नको म्हणून दोन्ही बाजूंनी." हेड खोललं तर कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, निळसर झाक, त्यावर घासणाऱ्या रॉकरचा तळ खरवडलेला, आणि ऑइल वर चढायच्या भोकात बॉण्डची शेवईसारखी दोरी अडकलेली. या इंजिनात ऑइल ब्लॉकमधल्या (सिलिंडरमधल्या) वाटेने, स्टडच्या (हेड धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टच्या) कडेने वर जातं. तिथे थोडाही बॉण्ड दाबला गेला की कॅम कोरडा फिरतो. नवा कॅम, नवे रॉकर, परत मजुरी. वडिलांचा चेहरा बघवत नव्हता.

हेड गॅस्केट कोरडंच बसवा. दोन्ही पृष्ठभाग साफ असतील तर ते गळत नाही. गळत असेल तर हेड वाकलंय किंवा नट तिरके आवळलेत, आणि त्यावर बॉण्ड हे उत्तर नाही. डॉवेल (भाग जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) आणि ऑइलच्या वाटेवरची रबरी रिंग विसरू नका. तांब्याचे वॉशर ज्या नटाखालून निघाले त्याच नटाखाली परत घाला. मी खोलताना पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यातच नट-वॉशर खोचून ठेवतो.

मग प्लग काढा, त्याची वायर अर्थ करा आणि आरामात तीस-चाळीस किका मारा. त्यानंतर प्लग परत लावून गाडी चालू करा, स्लोवर ठेवा आणि वरची टॅपेट कॅप (व्हॉल्ववरचं झाकण) काढून आत डोकवा. बांधताना आपण ओतलेल्या ऑइलवर समाधान मानू नका, ताजं ऑइल उडताना दिसलं पाहिजे. मिनिटभरात दिसलं नाही तर गाडी बंद करा.

दुसरी चूक टायमिंगची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्वची वेळ जुळवण्याची. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरच्या चाकावरची) टी खूण आणि कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चाकावरची) खूण एकदा जुळली की लोक झाकण लावून मोकळे होतात. चेन ताणल्यावर एक दात सरकतो, मग पिकअप मरतो, आणि सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात. मॅग्नेट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. फिरवताना काही अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला लागत असेल.

धुराबद्दल घाई नको. बांधताना लावलेलं ऑइल जळतं, पहिली काही मिनिटं धूर येणारच. नंतरही रेस केल्यावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंग बघा. ऑइल रिंगच्या मधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढलेली मला कितीदा सापडलीत. सकाळी पहिल्या किकलाच धूर आणि मग साफ, तर व्हॉल्व सील. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायची युक्ती इथे फसवते, कारण आडव्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) ऑइल खालच्या बाजूलाच साचतं.

पिस्टनवरची आयएन (IN) खूण इनटेकच्या, म्हणजे पेट्रोल-हवा आत येते त्या बाजूला. पिस्टनच्या पिनचे लॉक नेहमी नवे, आणि लॉक लावताना क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात फडकं कोंबलेलं हवंच. आत पडलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं.

आयडलिंग वर-खाली होत असेल तर कार्बोरेटर इंजिनाकडच्या बाजूला जोडतो तिथली ओ-रिंग (रबरी रिंग) आधी बघा, ती बरेचदा जुनीच बसवलेली असते. पहिलं ऑइल मी शंभर किलोमीटरलाच, इंजिन गरम असताना बदलतो आणि पांढऱ्या फडक्यावर गाळून बघतो. बारीक चकाकी चालेल, नखात अडकेल असा तुकडा दिसला तर गाडी जागेवरच थांबवा.