आरतीसंग्रह प्रेसला देण्याआधी: ब्लीड, मार्जिन आणि पानांची जुळणी

मंडळाची आरतीसंग्रहाची पुस्तिका करायची असेल, तर कॉम्प्युटर लावण्याआधी चार कोरे कागद घ्या. ते एकात एक घालून मधोमध दुमडा, पेन्सिलने 1 ते 16 पानक्रमांक टाका आणि कागद पुन्हा सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1 दिसतील, मागे 2 आणि 15. आतल्या कागदावर 14 आणि 3. शेजारच्या कुठल्याही जोडीची बेरीज 17. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या पुस्तिकेचं सगळं गणित या डमीत आहे. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीतच हवीत.

मजकूर 18 पानांवर गेला, तर टाइप बारीक करून 16 मध्ये कोंबू नका. 20 पानं करा, उरलेल्या दोन पानांवर जाहिराती घ्या. आरती म्हणताना एक पुस्तिका दोघं-तिघं मिळून, हातभर अंतरावरून वाचतात. मी 14 पॉइंटच्या खाली जात नाही. आणि एक आरती समोरासमोरच्या दोन पानांत संपलीच पाहिजे. एका हातात घंटा असताना मधल्याच कडव्याला पान उलटायला लावणं मला पटत नाही.

आता फाइल. ए-फाइव्ह म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. पानाचं माप तेवढंच ठेवा आणि ब्लीड, म्हणजे कडेबाहेर जाणारी, नंतर कापली जाणारी जादा छपाई, वेगळं 3 मिलिमीटर द्या. पिना मारून झाल्यावर बाइंडर गठ्ठा वरून, खालून आणि समोरून कापतो. गठ्ठा दाबला जाताना कागद किंचित सरकतो. रंग किंवा फोटो बरोबर कडेपाशी संपवलात, तर काही प्रतींवर पांढरी रेघ येणारच. म्हणून कडेला टेकणारी प्रत्येक गोष्ट 3 मिलिमीटर बाहेर ओढा. घडीच्या बाजूला सुरी चालत नाही, तिथे ब्लीड लागत नाही. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फेसिंग पेजेस, म्हणजे समोरासमोरची पानं, ही सेटिंग चालू करून आतल्या बाजूचं ब्लीड शून्य करा.

सुरी जशी बाहेर सरकते तशी आतही सरकते. त्यामुळे मजकूर कडेपासून किमान 10 मिलिमीटर आत हवा, घडीकडे 12 ते 15. जाहिरातदार आपली जाहिरात ब्लीडशिवायच पाठवतात आणि फोन नंबर अगदी तळाशी असतो. ती ताणून मोठी करू नका. थोडी लहान करून मार्जिनच्या आत बसवा.

आपल्याकडे पानाला चौकट टाकायची फार हौस. वेलबुट्टीची चौकट कडेपासून 3-4 मिलिमीटरवर असेल, तर मिलिमीटरभर सरकलेलं कटिंगसुद्धा लगेच डोळ्यात भरतं: एका बाजूला जाड पट्टी, दुसऱ्या बाजूला बारीक. चौकट हवीच असेल तर 8 मिलिमीटर तरी आत घ्या. माझं मत विचाराल तर ती काढून टाका आणि ती जागा अक्षरांना द्या.

पानं वाढली की आणखी एक गोष्ट होते. 48 पानांच्या स्मरणिकेत 12 कागद एकात एक बसतात, त्यामुळे मधले कागद मिलिमीटरभर तरी बाहेर डोकावतात आणि कटिंगमध्ये तेवढे जास्त कापले जातात. पानक्रमांक कडेला चिकटलेले असले, तर मध्यावर ते आणखी कडेला गेलेले दिसतात. 16 पानांत हा फरक नगण्य असतो. जाड आर्ट पेपर घेणार असाल, तर त्याच कागदाची डमी करून पट्टीने मोजा.

दोन पानांवर पसरलेला फोटो फक्त मध्यावर टाका. 16 पानांत 8 आणि 9 ही एकाच कागदावर, एकाच बाजूला येतात. बाकीच्या समोरासमोरच्या जोड्या दोन वेगवेगळ्या कागदांवर छापल्या जातात. तिथे मूर्तीचा चेहरा घडीवर आला, तर तो थोडा तरी वरखाली होतो.

मजकुराचा काळा रंग फक्त के 100, म्हणजे निव्वळ काळ्या शाईचा ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छापताना थोडा जरी हलला, तर अनुस्वार आणि रफार यांना रंगीत सावली येते. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) निवडला नसेल, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

पीडीएफ सुट्या पानांची, 1 पासून क्रमाने द्या. 16 आणि 1 शेजारी लावून देऊ नका. ती जुळणी प्रेसवाला आपल्या कागदाच्या मापाप्रमाणे करतो. एक्सपोर्ट करताना ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज’ हा पर्याय आठवणीने टिचकवा, फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे पीडीएफमध्येच घाला, फोटो 300 डीपीआयचे ठेवा. फाइल देताना प्रेसला सांगून टाका की सगळ्या पानांना ब्लीड आहे. त्यावर कागदाचं माप ठरतं, आणि कधी मोठा कागद घ्यावा लागतो, म्हणजे दर बदलतो. मग पिन मारलेली, कापलेली एक प्रत मागून घ्या आणि सही करण्याआधी मधलं पान उघडून पट्टी लावा.