व्याख्येचा निबंध तपासताना

नव्याने निबंध तपासायला बसणाऱ्याला सर्वांत जास्त चकवतो तो संकल्पनेची व्याख्या करणारा निबंध. 'धैर्य म्हणजे काय?', 'न्याय म्हणजे काय?' अशा विषयांवरची पानं वाचताना आपली मान डोलत राहते. वाक्यं पटतात, उदाहरणं ओळखीची असतात, भाषा नेटकी असते. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचल्यावर लक्षात येतं, की विद्यार्थ्याने व्याख्या केलेलीच नाही. संकल्पनेच्या आसपास तो फिरून आला आहे, एवढंच.

म्हणून मी पहिल्या वाचनात एकच गोष्ट शोधते: या विद्यार्थ्याने बाहेर काय ठेवलं? व्याख्या म्हणजे कुंपण घालणं. काहीच बाहेर राहिलं नसेल, तर कुंपणही नाही.

हे तपासण्यासाठी आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, उत्तम साधनं आहेत आणि शिक्षकांनी ती हक्काने वापरावीत असं मला मनापासून वाटतं. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष तिथे गाईच्या उदाहरणाने समजावतात. 'गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी' म्हटलं, तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात: ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी' म्हटलं, तर म्हशीही आत येतात: ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी' म्हटलं, तर एकही गाय त्यात बसत नाही: हा असंभव. मग गळ्याखाली लोंबणारी कातडी हे गाईचं लक्षण म्हणून सांगितलं जातं.

आता विद्यार्थ्याचं वाक्य घ्या: 'धैर्य म्हणजे भीती नसणे.' विस्तव म्हणजे काय हे न कळल्याने निखाऱ्याला हात घालणारं तान्हं मूल या व्याख्येने धैर्यवान ठरतं. उलट, पाय लटपटत असूनही बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उतरणारा माणूस बाहेर राहतो. एकाच वाक्यात अतिव्याप्ती आणि अव्याप्ती दोन्ही. समासात मी 'अति' किंवा 'अव्या' एवढंच लिहिते आणि शेजारी ते तान्हं मूल किंवा तो लटपटणारा माणूस लिहून ठेवते. नुसता दोष दाखवून भागत नाही, दोष उघडा करणारं उदाहरण द्यावंच लागतं. असंभव निबंधांत क्वचितच सापडतो. आत्माश्रय, म्हणजे ज्याची व्याख्या करायची तोच शब्द व्याख्येत वापरणं, मात्र भरपूर: 'स्वातंत्र्य म्हणजे स्वतंत्रपणे जगता येणे.' अशा वाक्याने सुरुवात झाली म्हणून लगेच गुण कापू नका. पुढच्या परिच्छेदात विद्यार्थी त्यातून बाहेर पडतो का, ते पाहा. शब्दकोशातल्या अर्थाने सुरुवात करणाऱ्यांनाही हीच सवलत द्यावी. कोशातला अर्थ घेऊन तो कुठे अपुरा पडतो हे दाखवणारा निबंध चांगलाच असतो.

सर्वांत अवघड प्रकार स्तुतीचा. मैत्री, माणुसकी, देशप्रेम असे विषय आले की व्याख्येची आरती होते. 'मैत्री म्हणजे निःस्वार्थ प्रेम' हे वाक्य ऐकायला इतकं चांगलं वाटतं, की त्यावर खूण करायला पेन उचलवत नाही. पण तपासून पाहा. आईचं बाळावरचं प्रेम त्यात अलगद बसतं आणि एकमेकांच्या टिपणांवर अभ्यास करणारे, थोडा स्वार्थ सांभाळून वर्षानुवर्षं टिकलेले दोन मित्र बाहेर पडतात. अशा निबंधासाठी माझा एक ठरलेला प्रश्न आहे: या व्याख्येनुसार वाईट मैत्री असू शकते का? असू शकत नसेल, तर विद्यार्थ्याने मैत्रीची नव्हे, आदर्श मैत्रीची व्याख्या केली आहे. तसं त्याने स्वतःच सांगितलं असेल तर गुण द्यावेत. न सांगता एकाच्या जागी दुसरी बसवली असेल, तर कमी.

याचा अर्थ असा नाही की प्रत्येक निबंधातून एका ओळीची पक्की व्याख्या निघालीच पाहिजे. तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइनचा 'खेळ' या संकल्पनेबद्दलचा विचार 1953 मध्ये प्रसिद्ध झाला: सर्व खेळांत समान असा एकच गुण सापडत नाही, कुटुंबातल्या माणसांच्या चेहऱ्यांसारखी एकमेकांत मिसळणारी साम्यं सापडतात. त्यानंतर 1956 मध्ये तत्त्वज्ञ गॅली यांनी मांडलं, की लोकशाही किंवा कला यांसारख्या काही संकल्पनांच्या योग्य अर्थाबद्दलचा वाद हा त्या संकल्पनांचाच भाग असतो. विद्यार्थी या वाटेने गेला, तर त्याला अडवू नका. पण साम्यं कोणती आणि वाद नेमका कशावरून, हे त्याने दाखवायला हवं. 'प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते' असं म्हणून थांबणं हे उत्तर टाळणं आहे. आणि त्याने आखलेली सीमा तुमच्या मतापेक्षा वेगळी असली, तरी ती त्याने राखली असेल तर गुण त्याचेच.

गुणांची विभागणी गठ्ठा उघडण्याआधी कागदावर उतरवा. 'चांगला निबंध वाचला की कळतोच' यावर विसंबू नये. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या 1961 च्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे 300 निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या 53 वाचकांना दिले होते. श्रेणी 9 होत्या, निकष ठरवून दिलेले नव्हते. तब्बल 94 टक्के निबंधांना किमान 7 वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. कुणी विचारांना महत्त्व दिलं, कुणी मांडणीला, कुणी शुद्धलेखनाला. सगळे जाणकार होते, पण प्रत्येक जण वेगळंच काही मोजत होता.

20 गुणांच्या निबंधासाठी माझी विभागणी अशी: सीमा आखणं आणि ती अवघड उदाहरणावर तपासणं याला 8, उदाहरणांच्या निवडीला 5, मांडणीला 4, भाषेला 3. भाषेला इतके कमी का, असं सहकारी विचारतात. भाषा मला प्रिय आहे. पण या प्रकारात व्याख्या केलेलीच नाही हे गोड भाषेआड लपतं, आणि अडखळत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची अचूक सीमा दिसेनाशी होते.

गठ्ठ्याबद्दल थोडंच. नावं झाका. पहिले काही निबंध गुण न देता वाचा. सगळे संपले की सुरुवातीचे पुन्हा काढा, कारण तपासता तपासता आपली पट्टी सरकते.

शेऱ्यावर मात्र वेळ घाला. 'छान, पण अजून खोलात जायला हवं' या शेऱ्याने विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी लिहा: 'तुझ्या व्याख्येनुसार झोपेत चालणारा माणूसही स्वतंत्र ठरतो, कारण त्याला कुणी अडवलेलं नाही. तो स्वतंत्र ठरावा का? नसेल, तर कोणती अट वाढवशील?' शिक्षणाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांची सुधारली नाही. म्हणून मी निबंध परत देताना आधी फक्त शेरा देते. विद्यार्थी व्याख्येचा तेवढा एक परिच्छेद पुन्हा लिहून आणतात, मग गुण सांगते. नव्या परिच्छेदात ती अट आली आहे का, आणि ती घालताना आधी आत असलेलं एखादं खरं उदाहरण बाहेर तर पडलं नाही ना, एवढंच पाहायचं असतं. त्याला फार वेळ लागत नाही.