घरचा वीज-मॉनिटर बनवताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या अक्कांनी करंट बिलाचा कागद माझ्यापुढं धरला. बिल कन्नडमध्ये, त्यामुळं आकडे तेवढे त्यांना कळत होते. "अरे, दोनशे युनिट फुकट म्हणतात न्हवं? मग हे पैसे कशाचे लावलेत?"

हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी विचारला जातो. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिट सरसकट मोफत नसतात. २०२२-२३ या आर्थिक वर्षात महिन्याला सरासरी किती वीज वापरली ते बघतात, त्यावर १० टक्के वाढवून देतात आणि तेवढीच वीज मोफत असते. ज्यांची सरासरी ४८ युनिटांपेक्षा कमी, त्यांना टक्क्यांऐवजी १० युनिट वाढवून मिळतात. अक्कांची सरासरी ९०, म्हणजे मर्यादा ९९. त्या महिन्यात जळले १२०, म्हणून वरच्या २१ युनिटांचे पैसे आले. आणि २०० ओलांडले की पहिल्या युनिटापासून सगळं बिल भरायचं. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला माझी बहीण राहते. तिच्याकडं महावितरणचे १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे. हिशोब वेगळा, पण महिन्याच्या २० तारखेला आपण कुठवर आलोय हे कळण्याची गरज दोघींनाही सारखीच.

म्हणून मी घरात किती वीज जातेय ते पडद्यावर दाखवणारा मॉनिटर बनवायला लागलो. आधी माझ्या घरी, मग अक्कांकडं, मग आणखी पाच-सहा घरी. पडद्यावर आकडा उमटवणं एका दुपारचं काम आहे. तो आकडा खरा असणं हे वेगळं काम, आणि बहुतेक चुका तिथंच होतात.

मेन बंद केला म्हणजे सगळं बंद झालं, असं समजू नका

ही चूक आधी सांगतो, कारण बाकीच्या चुकांत आकडा बिघडतो, हिच्यात माणूस जातो. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून मेनपर्यंत येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. आणि सेन्सर लावायला आपण नेमके त्याच वायरींशी जातो. करंट मोजणारा चिमट्याचा सेन्सर इन्सुलेशन न सोलता वायरीवर बाहेरूनच बसतो, तेव्हा तिथं चाकू-पक्कड लागतच नाही. व्होल्टेज मोजायला जी जोडणी लागते ती मेनच्या पुढं, स्वतंत्र लहान एमसीबीमधून (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) घ्या आणि परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासा, मग वायरीला लावा. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) नसेल, तर मॉनिटरच्या आधी तो बसवा.

मीटरचं सील मात्र कुठल्याही कारणानं तोडायचं नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ आणि १३८ याचसाठी आहेत, आणि "मी फक्त मोजत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही.

चिमटा दोन्ही वायरींवर

पहिल्या दिवशी माझ्या पडद्यावर ० वॅट. घरात गिझर चालू, पंखा चालू, आकडा शून्य. मी कोड तीनदा तपासला. खरी चूक समोर होती: फेज आणि न्यूट्रल एकाच पट्टीखाली एकत्र दाबलेल्या होत्या आणि चिमटा मी त्या जोडीवर लावला होता. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना मारतात, चिमट्याला काहीच दिसत नाही. वायर एकच हवी, फेजची.

आकडा शून्य नाही पण सतत कमी येतोय, असं असेल तर चिमटा उघडून त्याचा जबडा बघा. फेराइटची, म्हणजे आतल्या काळ्या चुंबकी गाभ्याची, दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांना घट्ट भिडायला हवीत. अक्कांच्या चौकटीत भिंतीच्या चुन्याचा एक पोपडा तिथं अडकला होता, नखाएवढाही नव्हता. तेवढ्यानं आकडा बराच खाली आला होता. कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि मिटताना 'टक्' असा आवाज येतोय का ते ऐका. जाड वायरीवर जोर लावून मिटू नका, फेराइट काचेसारखं तडकतं.

चुकीचा सेन्सर, चुकीचा रेझिस्टर

एससीटी-०१३ नावाचे चिमटे दिसायला सारखेच असतात. ०१३-००० हा १०० अँपिअरला ५० मिलीअँपिअर करंट देतो, त्याला बाहेरून बर्डन रेझिस्टर (करंटचं व्होल्टेज करून देणारा) लावावाच लागतो. ०१३-०३० हा ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो, त्याच्या पोटात रेझिस्टर आधीच आहे. दुसऱ्याला बाहेरून आणखी एक लावला की आकडा पडतो. पहिला मोकळा ठेवून जिवंत वायरीवर लावला, तर त्याच्या टोकांवर नको तेवढं व्होल्टेज चढतं. म्हणून आधी रेझिस्टर, नंतर चिमटा. सेन्सरचा आकडा वाचणाऱ्या छोट्या बोर्डांपैकी ५ व्होल्टच्या आर्डुइनोला ३३ ओहम, ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ ला २२ ओहम हे नेहमीचे आकडे.

ईएसपी३२ वाल्यांसाठी आणखी एक. एडीसी-२ च्या पिना (व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांचा दुसरा गट) वायफाय चालू असताना चालत नाहीत. टेबलावर सगळं नीट, वायफाय जोडलं की वाचन बंद, अशी तक्रार आली की मी आधी पिन नंबर विचारतो. ३२ ते ३९ मधली पिन घ्या.

घरभराचा करंट एसीएस७१२ या करंट मोजणाऱ्या चिपच्या इवल्याशा बोर्डातून नेण्याचा मोह टाळा. ३० अँपिअरवाला प्रत्येक अँपिअरला ६६ मिलीव्होल्टच देतो. एलईडी दिव्याचा करंट त्याच्या खरखरीत हरवून जातो, आणि स्क्रू ढिला पडला तर टर्मिनल तापतं. एखाद्या लहान उपकरणासाठी ठीक, मेन लाईनसाठी नको.

२३० गृहीत धरणं

सगळ्यात जास्त घरांत मला हीच चूक सापडली, आणि ती लवकर लक्षात येत नाही. फक्त करंट मोजायचा, त्याला २३० नं गुणायचं आणि उत्तराला वॅट म्हणायचं.

एक तर व्होल्टेज २३० वर उभं नसतं. संध्याकाळी आमच्या ओळीत मी २०० पाहिलंय, पहाटे २४० च्या वर. दुसरं म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर हे वॅट नव्हेत. मोटार, जुना चोकचा ट्यूबलाईट, स्वस्त एलईडी दिवे यांच्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरांपैकी खरे वॅट किती ते प्रमाण, मध्ये येतो. टाकीवर पाणी चढवणारा अर्ध्या एचपीचा पंप धरा. ४ अँपिअर घेतोय. २३० नं गुणलं की ९२० येतात. प्रत्यक्षात व्होल्टेज २०० आणि पॉवर फॅक्टर ०.७ असेल, तर खरे वॅट ५६०. भिंतीवरचा मीटर ५६० च मोजतो, कारण घरगुती युनिट म्हणजे खऱ्या वॅटांचे किलोवॅट-तास. आपला मॉनिटर महिनाभर जास्त सांगत राहतो आणि माणूस मीटरवर संशय घ्यायला लागतो.

हे लपून का राहतं? कारण बहुतेकजण इस्त्री लावून कॅलिब्रेशन करतात, म्हणजे आकडा जुळवतात. इस्त्रीचा पॉवर फॅक्टर १, त्यामुळं तिथं सगळं बरोबर जुळतं. इस्त्रीवर जुळलं की एकदा पंपावर आणि एकदा फ्रीजवर जुळवून बघा, खरी परीक्षा तिथं.

यावरचा सोपा उपाय पीझेडईएम-००४टी हे मॉड्यूल. व्होल्टेज, करंट, खरे वॅट, पॉवर फॅक्टर सगळं तेच मोजतं, आणि घरची लाईट गेली तरी युनिटांची बेरीज विसरत नाही. नवीन माणसाला मी आता हेच सांगतो. ते जोडलं आणि आकड्याऐवजी 'एनएएन' (म्हणजे 'हा आकडाच नाही') येतंय? आधी २३० ची बाजू जोडलीय का बघा, कारण त्याची मोजणारी चिप तिकडूनच चालते. फक्त ५ व्होल्ट देऊन ते बोलत नाही. मग टीएक्स-आरएक्स (माहिती पाठवणारी आणि घेणारी वायर) उलटसुलट करून पाहा. तीन फेजच्या घरात तीन मॉड्यूल एकाच टीएक्स-आरएक्स वायरीवर लावली असतील, तर प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या, आणि ज्या फेजवर चिमटा त्याच फेजचं व्होल्टेज त्या मॉड्यूलला द्या. ही जोडी चुकली की पॉवर फॅक्टर अर्ध्यावर येतो आणि आकड्यांचा काही पत्ताच लागत नाही.

मीटरच्या लाल दिव्याला विसरू नका

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी छापलेलं असतं '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' किंवा असाच एखादा आकडा. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. कुठलाही मॉनिटर तपासायला याच्याहून चांगली फूटपट्टी नाही, आणि ती फुकट आहे. मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना ३२०० नं भागा, येतात ११२५. त्याला सेकंदांनी भागा, आले वॅट. ३ सेकंद असतील तर ३७५ वॅट. त्या क्षणी तुमचा मॉनिटर काय म्हणतोय? एका लुकलुकीवर विसंबू नका, दहा मोजून सरासरी घ्या.

अक्कांकडं हे आम्ही रात्री दहाला केलं. दिवे बंद, टीव्हीची पिन काढलेली, पंखा बंद. बारा सेकंदांना एक लुकलुक, म्हणजे जवळपास ९४ वॅट. मॉनिटर ९२ दाखवत होता, जुळलं. पण घरात सगळं बंद असताना ९४ वॅट जातात कुठं? आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून ऐकलं. फ्रीज गुणगुणत होता. अर्ध्या तासानंही थांबला नाही. दारात वीस रुपयांची नोट धरून दार लावलं तर नोट सहज ओढून निघाली. खालच्या कोपऱ्यात रबर फाटलं होतं. ९४ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिट, महिन्याला ६७. ९९ ची मर्यादा असलेल्या घरात ६७ युनिट एकटा फ्रीज खात होता.

काहीजण याच दिव्यापुढं एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर) चिकटवून त्यावरच मॉनिटर चालवतात. चांगली पद्धत आहे, २३० व्होल्टला हातच लागत नाही. पण आपल्याकडं मीटर बाहेर सोप्याला किंवा व्हरांड्यात असतो. सकाळचं ऊन तिरपं आलं की एलडीआरला दिवा दिसत नाही आणि दुपारपर्यंत वापर 'शून्य' येतो. काळ्या नळीचा तुकडा लावून ऊन अडवा. एलडीआर संथ असतो, मोठ्या लोडला दिवा भरभर लुकलुकतो तेव्हा काही ठोके हुकतात. तिथं फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर घ्या. आणि मीटरचा आकडा झाकला जाईल असं काही लावू नका. रीडिंगवाल्या मामांना आधी दाखवून ठेवा, सील मोकळं दिसू द्या.

घड्याळ आणि तारीख

दिवसाचा आलेख मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला सुरू होतोय? इंटरनेटवरून आलेली वेळ ग्रीनिचची आहे. कोडमध्ये १९८०० सेकंद मिळवा.

महिना १ तारखेपासून मोजणं ही त्याहून महागात पडणारी चूक. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल रीडिंग घेतल्याच्या दिवसापासून पुढच्या रीडिंगपर्यंतचं. मागच्या बिलावरची तारीख बघा, मॉनिटरचा महिना त्या दिवशी सुरू करा. नाहीतर ९९ ला दहा युनिट बाकी आहेत असं वाटत असताना ती संपलेली असतात.

युनिटांची बेरीज स्वतःच्या कोडमध्ये ठेवत असाल तर ती करंट गेल्यावर पुसली जाणार. म्हणून लोक दर सेकंदाला ईईप्रॉममध्ये (बोर्डावरची न पुसणारी मेमरी) लिहितात. आर्डुइनोच्या ईईप्रॉमची खात्री १ लाख वेळा लिहिण्याची आहे. दर सेकंदाला लिहिलं तर ते २८ तासांत संपले! दर अर्ध्या तासाला लिहा, पुरतं.

इन्व्हर्टर

चिमटा इन्व्हर्टरच्या पुढं लावला असेल, तर करंट नसतानाही घराचा वापर मोजला जातो आणि बॅटरी चार्जिंगचा वापर मात्र सुटतो. बिलाशी जुळवायचं असेल तर चिमटा मीटर आणि मेनच्या मध्येच हवा. मग करंट आल्यावर तासभर आकडा चढलेला दिसेल. ती बॅटरी भरतेय, घाबरू नका.

पाऊस, वळीव, पाली

जांबोटी, कणकुंबीकडं चार महिने भिंती ओल्या असतात. तिथं उघड्या बोर्डावर मॉनिटर टांगू नका. पीझेडईएमच्या एका बाजूला २३० व्होल्ट उघडे आहेत, पालीला आणि लहान मुलांच्या बोटांना ते कळत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, वायरींची भोकं खालच्या बाजूला ठेवा आणि रबरानं बंद करा. पत्र्याचा डबा नको, त्यात वायफाय गुदमरतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की लाईनवर झटके येतात. माझा पहिला बोर्ड असाच गेला. व्होल्टेजच्या जोडणीत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि फ्यूजच्या पुढं फेज-न्यूट्रलमध्ये एक एमओव्ही (झटका शोषून घेणारा भाग) लावा. दोन्ही मिळून खर्च एका वडापावाएवढा. तरीही वीज जवळ कडाडत असेल तर मॉनिटरचा तो लहान एमसीबी खाली करा. तेवढ्या वेळाचा आलेख कोरा राहिला तर राहू द्या. युनिट भिंतीवरच्या मीटरवर मोजलेच जातायत, नंतर तिथला आकडा बघून बेरीज दुरुस्त करता येते.

पूर्ण एक बिल झाल्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहा. घरगुती मीटरची अचूकता १ टक्क्याची, पीझेडईएमची अर्ध्या टक्क्याची. शंभर युनिटांत एक-दीड युनिटाचा फरक चालतो. पाचाच्या वर गेला, तर वरच्या चुकांपैकी एखादी अजून राहिलीय. चिमट्याच्या जबड्यापासून सुरुवात करा.