२४ व्होल्टच्या एसएमपीएसपासून कॅम्पर व्हॅनचा बॅटरी चार्जर

१२ व्होल्टचा जाळीदार एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय) घ्यायचा, त्याचा छोटा पॉट (व्होल्टेज बदलायचा स्क्रू) फिरवून व्होल्टेज १३.८ च्या आसपास न्यायचं आणि थेट बॅटरीला जोडायचं, हा जुगाड पुष्कळ जण करतात. बॅटरी जवळपास भरलेली असेल तर तो चालतोही. उतरलेल्या बॅटरीला जोडलं की मात्र एसएमपीएस टिक-टिक करत चालू-बंद होत राहतो. १०० एएचची (अँपिअर-अवरची) रिकामी बॅटरी, त्यातही लिथियम, मिळेल तेवढा करंट ओढते. एसएमपीएस त्याला ओव्हरलोड समजतो, बंद पडतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा बंद पडतो. चार्जरला नेमकं व्होल्टेज तर हवंच, पण करंटवर मर्यादाही हवी आणि बॅटरी भरल्यावर थांबायची सोयही हवी.

काही जण एसएमपीएस उघडून आतला रेझिस्टर बदलतात आणि १४.४ व्होल्ट काढतात. तसं करू नका. २३० व्होल्टच्या सप्लायवर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं. शिवाय १२ व्होल्टच्या युनिटमध्ये आउटपुटचे कपॅसिटर १६ व्होल्टचे असतील, तर ते कायम काठावर चालतात आणि लवकर फुगतात.

झाकण न उघडता काम होतं. २४ व्होल्ट १५ अँपचा एसएमपीएस आणि त्यापुढे सीसी-सीव्ही बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज आणि करंट या दोन्हींचे वेगळे पॉट असलेलं, व्होल्टेज खाली आणणारं स्टेप-डाउन सर्किट. '२० अँप ३०० वॉट' असं लिहिलेलं मॉड्यूल पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. त्यावरच्या २० अँपवर विश्वास ठेवू नका. पंखा लावून १२ अँप सलग मिळाले तरी पुष्कळ. १०० एएचच्या बॅटरीला १२ अँप योग्यच आहेत. ८० टक्के उतरलेली लिथियम बॅटरी सात तासांत भरते, लेड-अ‍ॅसिडला दहा-बारा तास धरा.

याशिवाय एमबीआर३०४५पीटी हा शॉट्की डायोड, हीटसिंक, वीज रोखणारा मायका वॉशर, २० अँपचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट, ४ एमएमची (चौरस मिलिमीटरची) लवचिक तांब्याची वायर, १२ व्होल्ट २१ वॉटचा गाडीचा दिवा आणि २४ तासांचा मेकॅनिकल टायमर प्लग लागेल.

डायोड वगळू नका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. सप्लाय गेला की बॅटरीतला करंट मॉड्यूलमधून उलटा शिरतो, एसएमपीएसचा एलईडी पेटता ठेवतो आणि बॅटरी हळूहळू उतरवतो. काही मॉड्यूल त्यात जळतातही. डायोडचे दोन्ही कडेचे पाय एकत्र करून मॉड्यूलच्या आउटपुट प्लसला जोडा, मधला पाय बॅटरीच्या प्लसकडे. याची धातूची पाठ मधल्या पायालाच जोडलेली असते, म्हणून हीटसिंक आणि डायोडमध्ये मायका हवाच. १२ अँपला त्यावर सुमारे अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे ६ वॉट उष्णता. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात लावा. बॅटरी उलटी जोडली गेली तर हा डायोड काही वाचवत नाही, वाचवतो तो फ्यूज.

सर्वात फसवी चूक मायनसची. बहुतेक बक मॉड्यूलमध्ये करंट मोजणारा शंट (अगदी छोटा रेझिस्टर) इनपुट मायनस आणि आउटपुट मायनस यांच्या मध्ये असतो. व्हॅनच्या बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतोच. एसएमपीएसचा मायनसही कुठेतरी बॉडीला लागला, तर करंट शंटला वळसा घालून जातो आणि १२ अँपची मर्यादा नाहीशी होते. म्हणून एसएमपीएसचा मायनस फक्त मॉड्यूलच्या इनपुटला, बॅटरीचा मायनस फक्त मॉड्यूलच्या आउटपुटला. मॉड्यूल लाकडी फळीवर किंवा नायलॉनच्या स्पेसरवर बसवा. एसएमपीएसच्या पेटीला मात्र थ्री-पिनचं अर्थिंग हवंच, आणि व्हॅनच्या इनपुटला ३० एमएचा (मिलिअँपचा) आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच.

आता सेटिंग. बॅटरी जोडलेली नको. एसएमपीएसचा ११५/२३० व्होल्ट निवडायचा स्विच २३० वर आहे का ते आधी तपासा, मगच सप्लाय द्या. डायोडच्या पुढे २१ वॉटचा दिवा जोडा. लोड नसताना डायोडपुढचं रीडिंग भरवशाचं नसतं. व्होल्टेजचा पॉट बरेच फेरे घेणारा असतो, दहा फेऱ्यांत काही हललं नाही तरी घाबरू नका. दिवा मंदच राहिला तर करंटचा पॉट फार खाली आहे, तो थोडा वाढवा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ४ सेलच्या बॅटरीसाठी १४.२ व्होल्ट, ट्यूब्युलर किंवा एजीएम या लेड-अ‍ॅसिड बॅटरींसाठी १४.४. बॅटरीच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. लेड-अ‍ॅसिडचे हे आकडे २५ अंशांचे आहेत. दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट कमी करायचे, म्हणजे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बॅटरीचा डबा ४० अंशांवर असेल तर १४.१ पुरेत.

नंतर दिवा काढा, करंटचा पॉट पूर्ण खाली आणा, उतरलेली बॅटरी जोडा आणि क्लॅम्प मीटर बघत सावकाश १२ अँपपर्यंत या. मीटर डीसी मोजणारा हवा. फक्त एसी मोजणारा स्वस्त क्लॅम्प इथे शून्य दाखवेल. साध्या मल्टिमीटरची १० अँपची रेंज या कामाला वापरू नका. अर्धा तास थांबून मॉड्यूल, डायोड आणि प्रत्येक स्क्रू किती तापतो ते पाहा. मग दोन्ही पॉटवर नेलपॉलिशचा थेंब टाका, रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सरकतात. त्याच कारणाने उघड्या तारा टर्मिनलमध्ये कोंबू नका, तारेच्या टोकाला धातूचा लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा.

बॅटरी २ मीटर दूर असेल तर ४ एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन सुमारे ०.२ व्होल्ट पडतो, १.५ एमएममध्ये जवळपास ०.६. करंट घटला की ही घट नाहीशी होते, त्यामुळे बारीक वायरीने बॅटरी भरायला नुसता उशीर होतो. पण वायर तापते ती वेगळी.

हा चार्जर स्वतःहून फ्लोटवर, म्हणजे बॅटरी भरल्यानंतरच्या कमी व्होल्टेजवर, उतरत नाही. १४.४ व्होल्ट दिवसचे दिवस राहिले तर लेड-अ‍ॅसिडचं पाणी उडतं आणि प्लेटा गंजतात. रात्रभराच्या मुक्कामाला टायमर लावा. व्हॅन आठवडाभर प्लगवरच उभी राहणार असेल तर व्होल्टेज १३.६ वर आणून ठेवा. बॅटरी सावकाश भरेल, पण जवळजवळ पूर्ण भरेल आणि जपलीही जाईल. पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा चार्जर तिच्याच बंद डब्यात नको.

गावाकडच्या शेतघरावर मुक्काम असेल तर संध्याकाळचं व्होल्टेज मोजून बघा. स्विचवाले एसएमपीएस साधारण १८० व्होल्टच्या खाली नीट चालत नाहीत. अशी ठिकाणं नेहमीची असतील तर ९० ते २६४ व्होल्टवर चालणारं युनिट घ्या.

लिथियम बॅटरीच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी मेलीच असं नाही. बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) तोडलेलं असू शकतं. बहुतेक बीएमएस चार्जरचं व्होल्टेज लागताच पुन्हा जोडतात. अशा वेळी करंट २ अँपवर आणून सुरू करा. लडाख किंवा स्पितीत बॅटरी ० अंशाखाली गेली असेल तर मात्र प्लग लावू नका: थंडीत चार्ज केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरीची गेलेली क्षमता परत मिळत नाही. बीएमएसमध्ये थंडीचा कट-ऑफ नसेल, तर टायमर पहाटेचा न लावता उन्हं येऊन बॅटरी गरम झाल्यानंतरचा लावा.