हृदयासाठी जवस: चटणी सोपी, दळणं अवघड

हृदयासाठी हल्ली चियाच्या बियांचं फार कौतुक होतं. चिया वाईट नाही. पण मेक्सिकोकडचं ते बी महागाचं पाकीट फोडून भिजत घालण्याआधी स्वयंपाकघरातला जवसाचा डबा उघडून बघा. ज्यामुळे हे कौतुक होतं, ते ओमेगा-३ (तेलातलं एक स्निग्धाम्ल) जवसात थोडं जास्तच आहे: १०० ग्रॅम जवसात साधारण २३ ग्रॅम, चियात १८ च्या आसपास. तंतूंच्या बाबतीत चिया पुढे, एवढंच. आणि आपल्याकडे रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं जवसाच्या ओळी घालायची रीत जुनीच आहे.

जवस भिजला की बुळबुळीत होतो, ती त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंची करामत. हे तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून शरीराबाहेर नेतात. मग नवं पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, आणि ते कमी होतं. रक्तदाबाचंही तसंच. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला, तर त्यांचा वरचा रक्तदाब न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. दळलेला, हे लक्षात ठेवा. अख्खा जवस कठीण सालीमुळे बराचसा पोटातून जसाच्या तसा निघून जातो. जेवणानंतर मुखवास म्हणून चिमूटभर तोंडात टाकून हृदयाचं भलं होईल ही आशा सोडा.

आता चटणी. दोन वाट्या जवस, सात-आठ सुक्या मिरच्या, चमचाभर जिरे, लसणाचा एक गड्डा, मीठ.

लोखंडी तव्यावर मंद आचेवर जवस भाजा. तडतडायला लागला, वास सुटला की उतरवा. मोठ्या आचेवर वरून काळा आणि आतून कच्चट राहतो, शिवाय कडवटपणा काही केल्या जात नाही. मिरच्या आणि जिरे त्याच तव्यावर भाजून घ्या.

खरी परीक्षा दळताना. मलाही हीच पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. जवसात सुमारे ४० टक्के तेल असतं. गरम जवस मिक्सरमध्ये टाकला आणि बटण दाबून धरलं की पातं तापतं, तेल सुटतं आणि चटणीऐवजी भांड्याच्या कडेला चिकटलेला लगदा हाती येतो. म्हणून परातीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागला तरी ढीग आतून कोमट असतो. मधे बोट घालून बघा. मग मिरच्या, जिरे, मीठ आधी बारीक करा, त्यात जवस टाका आणि बटण दाबून लगेच सोडा, असं थांबून थांबून फिरवा. रवाळ झाला की बस. मऊ पीठ करायच्या नादी लागू नका. लसूण सगळ्यात शेवटी, एकदाच फिरवून. आधी टाकला तर त्याच्या ओलाव्यानं सगळं गोळा होतं. लसूण न घालता ठेवली तर चटणी जास्त टिकते, आणि आयत्या वेळी ठेचून घालता येतो. खलबत्त्यात कुटलेली चटणी सगळ्यात छान, पण रोजच्या धावपळीत तो कोण काढतो!

मिठाबद्दल मी हट्टी आहे. रक्तदाबासाठी चटणी खायची आणि तिच्यातच मूठभर मीठ ओतायचं, हा कारभार निरर्थक. मिरची-लसणानं चव येते, मीठ नेहमीच्या निम्मंच घाला.

एका वेळी आठवड्यापुरतीच करा. दळलेल्या जवसाचं तेल हवेनं लवकर खवट होतं, आणि लातूर-नांदेडचा मे महिना त्याला अजिबात मानवत नाही. घट्ट झाकणाची बरणी, फ्रिज. महिन्याभराची चटणी करून कपाटात ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा ती हुंगून बघावी.

रोज दोन मोठे चमचे, ज्वारीच्या भाकरीबरोबर. नव्यानं सुरू करत असाल तर आठवडाभर एकच चमचा, आणि पाणी भरपूर. नाहीतर पोट फुगतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, आणि रक्तदाबाची गोळी चटणीच्या भरवशावर बंद करू नका.