परदेशात डेव्हलपमेंट स्टडीज करताय? या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबर आला की डेव्हलपमेंट स्टडीजला, म्हणजे गरिबी आणि विकासाच्या अभ्यासाला, अर्ज करणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात, एसओपी (अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा निबंध) बघून द्या, आणि त्यातल्या निम्म्या एसओपी एकाच वाक्याने सुरू झालेल्या असतात, मला लहानपणापासून गरिबांसाठी काहीतरी करायचं होतं. भावना खरीच असते हो, पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा तालुक्यात काय बघितलं ते लिहा, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरलेली आजी, टँकर कुणाच्या वस्तीवर आधी जातो, आणि ते बघून तुम्हाला नेमका कुठला प्रश्न पडला.

चिव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला, अप्लाय करणार असाल तर दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, व्हॉलंटिअरिंग आणि इंटर्नशिपही धरतात, तेव्हा तास आत्ताच मोजून ठेवा. आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं भारतात परत यायची अट आहे, हे घरच्यांना आधीच सांगा, नंतर वाद नको.

आकड्यांची चूक मला सगळ्यात जास्त दिसते. जून २०२५ पासून वर्ल्ड बँकेची अतिगरिबीची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलर आहे. मुलं काय करतात, आजच्या रेटने गुणतात, अडीचशेच्या वर रुपये येतात आणि त्यावर अख्खा निबंध उभा राहतो. ते डॉलर बाजारातले नाहीत, पीपीपीचे आहेत, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढं आपल्याकडे किती रुपयांत येतं या हिशोबाचे, आणि तेही २०२१ च्या किमतींवर. भारतासाठी तो रेट डॉलरला वीस रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे रेषा येते साठेक रुपयांवर. कुठे साठ आणि कुठे अडीचशे, सगळा निष्कर्षच फिरतो. त्यामुळे कुठलाही डॉलरचा आकडा दिसला की आधी बघा, कुठल्या वर्षाचा आणि पीपीपी आहे का.

दुसरं म्हणजे कोर्सच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे म्हणून विषय केनियाचाच घ्यायचा असं काही नाही. आपली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला तोच अनुभव उपयोगी पडला. बाहेरचे लोक त्यावर रिसर्च करतात आणि तुमच्या आजीने त्या खडीवर काम केलेलं असू शकतं, मराठी कागदपत्रं वाचता येणं ही तुमची ताकद आहे, ती सोडू नका.

आता फील्डवर्क, इथे खरी गडबड होते. एथिक्स अप्रूव्हल, म्हणजे लोकांवर संशोधन करायला युनिव्हर्सिटीची परवानगी, यायच्या आधी घेतलेल्या मुलाखती डिझर्टेशनमध्ये (कोर्सच्या शेवटच्या प्रबंधात) वापरता येत नाहीत, म्हणून सुट्टीत गावी आलोच आहे तर चार जणांशी बोलून घेतो असं करू नका, फॉर्म लवकर भरा. आणि युकेत डिझर्टेशन येतं जून ते ऑगस्टमध्ये, तेव्हा आपल्याकडे पेरणी आणि खुरपणी चालू असते, दुपारी कुणी भेटत नाही, संध्याकाळी जा. पाणीटंचाईचा विषय असेल तर पाऊस पडला की टँकर बंद, तुम्हाला बघायला काही उरत नाही. ऊसतोड मजुरांचं उलट, ते दिवाळीच्या आसपास कारखान्याला जातात, पावसाळ्यात बीडला घरीच सापडतात.

गावात जाताना चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन सरपंचाच्या ओट्यावर बसू नका. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या आयडीएस (इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज) या संस्थेतल्या रॉबर्ट चेंबर्स यांचं नाव ज्या पीआरए (पार्टिसिपेटरी रूरल अप्रेझल, म्हणजे गावकऱ्यांच्या सहभागाने गावाचा अभ्यास) पद्धतीशी जोडलेलं आहे तिच्यात लोक स्वतःच गावाचा नकाशा काढतात, आपल्याकडे तो रांगोळीने मंदिरासमोर काढतात. मी बघितलंय, पुरुषांनी काढलेल्या नकाशात रस्ता, शाळा, ग्रामपंचायत, आणि बायकांच्या हातात रांगोळी दिली तर पहिली ओढली ती हातपंपापर्यंतची पायवाट, मग बंद पडलेले दोन पंप, मग ज्या विहिरीवर सगळ्यांना जाता येत नाही ती विहीर. तिथे बसा, वही बंद ठेवा, आणि त्या पायवाटेवर बोट ठेवून विचारा, पहाटे किती वाजता निघता.